अंगण खरंच वाकडं होतं

मंडळी, आज माझं भांडण एका म्हणीशी आहे. म्हण तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या ओळखीची. नाचता येईना अंगण वाकडे. छत्तीस वर्षं मास्तरकी केली, त्यात ही म्हण मी किती पोरांच्या तोंडावर फेकली असेल याचा हिशोब नाही. अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा, असं शिकवतानाही वापरली आणि रागावतानाही वापरली. फार सोयीची आहे हो ती. एकदा उच्चारली की मास्तरला अंगणात जाऊन बघावं लागत नाही.

मी मराठीचा मास्तर. तरीही हा लेख म्हणींवर नाही, क्लॅरोनेटवर आहे. त्यातही वाद्यावर कोरलेल्या बारीक अक्षरांवर. ही अक्षरं कशासाठी वाचायची याबद्दल आजकाल जे काही ऐकू येतं, ते मला अजिबात पटत नाही. पण आधी गोष्ट सांगतो.

१९८४ साल. शाळेचं नाव सांगत नाही, कारण दोष शाळेचा नव्हता. शाळेत एक बँड होता. म्हणजे दोन साइड ड्रम, एक मोठा ढोल, तीन-चार बिगुल आणि सात-आठ बासऱ्या. मी भजनी मंडळात पेटी वाजवायचो, एवढ्याच भांडवलावर हेडमास्तरांनी बँड माझ्या गळ्यात मारला होता. त्या वर्षी गावातली एक बँड पार्टी मोडली. तिच्या मालकांनी जाता जाता दोन क्लॅरोनेट शाळेला दिली. एकाचा वरचा सांधा उभा चिरलेला होता, ते कपाटात गेलं. दुसरं धडधाकट. काळं कुळकुळीत लाकूड, पांढऱ्या धातूच्या चाव्या, आणि घंटेवर इंग्रजीत लंडनचं नाव. हेडमास्तरांनी ते शाळा समितीला दाखवलं. लंडनचा माल म्हणून सगळ्यांनी हाताळलं.

आता वाजवणार कोण? आठवीत एक मुलगा होता. त्याचे वडील बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. मास्टर इब्राहिमच्या तबकड्या ऐकून त्यांनी सिनेमाची गाणी बसवली होती. आई घरी विड्या वळायची. घरात तेलुगू, बाहेर मराठी, असं आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातलं नेहमीचं घर. पोरगा तेरा वर्षांचा, अंगाने काटकुळा, पण फुंक चांगली होती. वाद्य त्याच्या हाती दिलं आणि स्नेहसंमेलनाचं स्वागतगीत बसवायला घेतलं. पेटी मी धरली. मुली गाणार, चार बासऱ्या आणि हे क्लॅरोनेट.

पहिल्या दिवसापासून जमेना. क्लॅरोनेट चढं लागायचं. मी म्हणालो, अर्धा स्वर खाली घे. त्याने घेतलं, तर उतरलेलं लागायचं. वर घे म्हणालो की पुन्हा चढं. ना काळीत ना पांढरीत. दोन पट्ट्यांच्या बरोब्बर मधोमध त्याचा सूर जाऊन बसायचा. तिसऱ्या दिवशी बघतो तर पोराने तोंडाखालचं बॅरल थोडं बाहेर ओढलेलं आणि ते हलू नये म्हणून आत मेण लावलेला दोरा गुंडाळलेला. मी खेकसलो, शाळेच्या वाद्याला दोरे कसले गुंडाळतोस? दोऱ्यामुळे काही स्वर जुळायला लागले होते, पण बाकीचे भलतीकडे गेले. "सर," तो म्हणाला, "वाद्यच चढं आहे."

आणि मी ती म्हण म्हणालो. सगळा वर्ग हसला. मुली जरा जास्तच हसल्या. पोराने क्लॅरोनेट पेटीवर ठेवलं आणि जागेवर जाऊन बसला. कार्यक्रमातून मी त्याचं नाव काढलं. पुढच्या वर्षी तो बँडला आलाच नाही. वाद्य कपाटात गेलं.

असो. आता पंचवीस वर्षं पुढे या.

२००८ साली मी निवृत्त झालो. पुढच्या वर्षी शाळेने बोलावणं धाडलं. डेडस्टॉक रजिस्टरमधल्या जुन्या वस्तूंचं निर्लेखन करायचं होतं, आणि कुठली वस्तू कुठली हे ओळखणारा जुना माणूस हवा होता. मोडक्या बाकांच्या मागे, नकाशांच्या गुंडाळ्यांखाली ती दोन क्लॅरोनेट सापडली. धडधाकट होतं ते मी घरी आणलं, खोबरेल तेलाच्या फडक्याने पुसलं. पोस्टाची तिकिटं जमवायचा मला नाद आहे, त्यामुळे भिंग हाताशी असतं. लंडनचं नाव वाचून झालं. त्याच्याखाली, अगदी पुसट, दोन अक्षरं. एच. पी. ती कोरीव अक्षरं नीट दिसावीत म्हणून मी त्यांच्यावर खडू घासला आणि बोटाने पुसून काढला. खाचेत खडू राहिला आणि अक्षरं फळ्यावर लिहिल्यासारखी पांढरीशुभ्र उमटली. (उभा जन्म खडू घासण्यात गेला, हा उपयोग मात्र निवृत्तीनंतर कळला.)

एच. पी. म्हणजे काय? हॉर्सपॉवर? हिंदुस्थान पेट्रोलियम? तीच अक्षरं वरच्या सांध्यावरही होती. भाच्याच्या कॉम्प्युटरवर बसून शोधलं, पुस्तकांची पानं धुंडाळली, तेव्हा उलगडा झाला. आणि खरं सांगतो, त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

एच. पी. म्हणजे हाय पिच, उंच पट्टी. एकोणिसाव्या शतकात सगळ्या जगाचा 'सा' एक नव्हता. इंग्लंडात वाद्यांची पट्टी चढत चढत गेली आणि मधल्या 'ए' स्वराची कंपनसंख्या सेकंदाला ४५२च्या वर पोचली. शतकाच्या अखेरीस लंडनच्या मैफिलींनी ती खाली आणली, ४३९वर. पण लष्करी बँडांकडे शेकडो वाद्यं जुन्या पट्टीची. ती सगळी एकदम बदलणं परवडणार कसं? ब्रिटिश लष्कराचे बँड १९२०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत उंच पट्टीतच वाजत राहिले. तिकडच्या ब्रास बँडांनी तर ती १९६०च्या दशकापर्यंत सोडली नाही. आज सगळे जी ४४०ची पट्टी धरतात, तिच्यावर १९३९ साली लंडनच्या परिषदेत एकमत झालं. म्हणजे कित्येक दशकं दोन्ही पट्ट्यांची वाद्यं शेजारी शेजारी बनत होती आणि विकली जात होती. गिऱ्हाइकाचा घोटाळा होऊ नये म्हणून कारखानदार इमानाने शिक्का मारत होते. उंचीला एच. पी., खालच्या पट्टीला एल. पी.

४५२ आणि ४४० यांत फरक किती, ते पेटीवाल्याला सांगतो. काळी-पांढरीमधलं जे अंतर, त्याच्या जवळजवळ निम्मं. बरोब्बर दोन पट्ट्यांच्या मध्ये! ज्या जागी त्या पोराचा सूर बसत होता, नेमका तिथे. बोटं बदलून हा फरक जात नाही. बॅरल ओढून थोडा जातो, पण तेवढं ओढलं की वरच्या भोकांचे स्वर जास्त उतरतात आणि खालच्या भोकांचे कमी, कारण नळी एकाच टोकाला लांबवलेली असते. पोराने दोरा गुंडाळून जे केलं होतं ते शास्त्राला धरून होतं. त्याहून जास्त कोणालाच काही करता आलं नसतं. ते वाद्य खालच्या पट्टीच्या वाद्यापेक्षा लांबीला दीड-दोन सेंटिमीटर आखूडच जन्मलं होतं. त्याची भोकंच जवळ जवळ. अंगण खरंच वाकडं होतं हो. आणि अंगण वाकडं आहे अशी पाटीसुद्धा कारखानदाराने लावून ठेवली होती. इंग्रजीत! जी मला वाचता येत होती.

आता माझं म्हणणं. गेल्या काही वर्षांत जुन्या वस्तू गोळा करणाऱ्यांची गावात ये-जा वाढली आहे. पितळी भांडी, ग्रामोफोन, दगडी जाती, आणि हल्ली बँडवाल्यांची वाद्यंसुद्धा. ही मंडळी क्लॅरोनेट हातात घेतात, घंटेवरचं नाव वाचतात आणि दोन सेकंदांत निकाल देतात. पॅरिस असलं तर डोळे चमकतात, लंडन असलं तर मान हलते, मीरत असलं तर वाद्य खाली ठेवतात. कुठलंच नाव नसेल तर म्हणतात, याचा टेबललँप छान होईल. होय, टेबललँप! घंटेतून वायर काढून वर टोपी घालतात. हॉटेलांच्या भिंतींवर खिळे मारून टांगलेलीही मी पाहिली आहेत.

याला ते वाद्य ओळखणं म्हणतात. मी याला भाव काढणं म्हणतो. भाव काढायलाही हरकत नाही, पण तेवढ्यासाठीसुद्धा नाव वाचून भागत नाही. घंटा हा क्लॅरोनेटचा सगळ्यात बदलला जाणारा भाग. वाद्य पडलं की आधी घंटा फुटते, मग दुसऱ्या मेलेल्या वाद्याची बसवतात. म्हणजे नाव पॅरिसचं, धड कुठल्या तरी तिसऱ्याच गावचं. वरच्या आणि खालच्या सांध्यावर आकडा असतो, तो दोन्हीकडे सारखा आहे का हे कोणी बघत नाही. तो जुळला नाही तर ते वाद्य दोन वाद्यांची गाठ आहे. आणि त्यातला एक सांधा एच. पी. आणि दुसरा एल. पी. असला, तर साक्षात तानसेन आला तरी ते सुरात वाजणार नाही.

नावाचंही तसंच. जे नाव लिहिलंय तो बनवणारा असेलच असं नाही, नुसता विकणाराही असू शकतो. फ्रान्समध्ये नॉर्मंडीत ला कुतूर-बूसे नावाचं खेडं आहे, तिथे पिढ्यानपिढ्या लाकडी फुंकवाद्यं बनत आली. जर्मनीत मार्कनॉयकिर्खेन, बोहेमियात क्रास्लित्से, ही तशीच गावं. तिथून माल निघायचा आणि त्यावर लंडनच्या नाहीतर दुसऱ्या कुठल्या दुकानदाराचं नाव बसायचं. ही लबाडी नव्हती, व्यापाराची रीतच होती. मात्र गिऱ्हाइकाची दिशाभूल व्हायला लागली तेव्हा इंग्लंडने १८८७ साली मालावरील खुणांचा कायदा केला. आपल्याकडे सरकारने तसाच कायदा १८८९ साली आणला. बाहेरून आलेल्या मालावर इंग्रजी व्यापाऱ्याचं नाव असेल, तर माल कुठल्या देशाचा तेही लिहा, असा त्याचा रोख. म्हणून मोठ्या नावाखालची बारीक ओळ वाचायची असते. वर लंडन आणि खाली 'मेड इन फ्रान्स' असलं तर लंडन हा फक्त पत्ता. 'चेकोस्लोव्हाकिया' असं लिहिलेलं वाद्य १९१८च्या आधीचं असू शकत नाही, कारण त्याआधी तो देशच नव्हता. 'पश्चिम जर्मनी' लिहिलं असेल तर ते १९४९ नंतरचं. हे वाचायला वाद्यांचं ज्ञान लागत नाही, दहावीचा इतिहास पुरतो.

नावांच्या जोड्याही बोलतात. हॉक्स अँड सन आणि बूझी अँड कंपनी या लंडनच्या दोन वेगळ्या पेढ्या होत्या. १९३० साली त्या एक झाल्या. म्हणून नुसतं 'हॉक्स अँड सन' असलं तर वाद्य साधारण त्याआधीचं, आणि 'बूझी अँड हॉक्स' असलं तर नक्की त्यानंतरचं. या पेढीच्या वाद्यांचा संग्रह आणि कागदपत्रं २००४ साली लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाकडे गेली. बघा, तिकडे कारखान्याची वहीसुद्धा जपून ठेवतात. बफे क्रँपाँ या फ्रेंच कारखान्याचा जरा स्वस्त माल 'एव्हेत' या नावाने निघायचा. नाव वेगळं पण घर तेच. आणि आकड्यांनीही फसू नये. बूझी अँड हॉक्सच्या काही वाद्यांवर १०१० असतं, तो अनुक्रमांक नव्हे, ती जात. या जातीची नळी आतून नेहमीपेक्षा रुंद, सव्वापंधरा मिलिमीटरच्या आसपास. तिला तिचंच तोंड लागतं. दुसरं कुठलंही तोंड लावलं की स्वर बिघडतात आणि मग पुन्हा वाजवणाऱ्याच्या नावाने बोंब!

मीरतेच्या वाद्याला नाक मुरडणाऱ्यांचा तर मला मनस्वी राग येतो. मीरतेच्या जाली कोठीत नादिर अली आणि कंपनी १८८५ साली सुरू झाली. सुरू करणारा स्वतः लष्करातला बँडवाला. देशभरातल्या वराती ज्या वाद्यांवर निघाल्या, त्यांत मीरतेचा वाटा केवढा आहे हे कुठल्याही बँडवाल्याला विचारा. आमच्या लग्नात वाजलं ते मीरतेचं होतं, तुमच्याही लग्नात बहुधा तेच असेल. ते नाव पुसून त्या जागी लंडन कोरणारे महाभागही मी पाहिले आहेत. खोदकाम नवं, कडा धारदार, आणि स्पेलिंग चुकलेलं! मी त्या माणसाला म्हणालो, अहो, लंडनला दोन 'ओ' असतात. तो म्हणाला, सर, गिऱ्हाईक एवढं बघत नाही. इकडे मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी अभिमानाने बातमी वाचली. मिरजेचा अभिमान आणि मीरतेची लाज, हा काय न्याय आहे?

या सगळ्याहून वाईट गोष्ट म्हणजे पॉलिश पेपर. वाद्य विकायला काढायचं, म्हणजे ते आधी चमकलं पाहिजे, अशी समजूत. मग घासतात, आणि वर काळं बूटपॉलिश लावतात. लाकूड लख्ख होतं आणि सत्तर-ऐंशी वर्षं टिकलेली अक्षरं पाच मिनिटांत जातात. पहिल्यांदा जातात ती बारीक अक्षरंच. मोठं नाव खोल कोरलेलं असतं, ते राहतं. एच. पी. उथळ असतं, ते गेलं की गेलं. नाव राहिलं म्हणून विकणाऱ्याला समाधान, विकत घेणाऱ्यालाही समाधान. पुढे ज्या पोराच्या हातात ते जाणार, त्याचा साक्षीदार मात्र मेलेला असतो.

आता यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं, आणि ते गाणाऱ्या-वाजवणाऱ्या जाणत्या माणसांकडूनच मिळतं. म्हणतात, सर, वाद्यात काय आहे? हातात असावं लागतं. आपल्याच सोलापूरचे सिद्राम जाधव आणि त्यांचं घराणं बघा, एवढ्याशा सुंद्रीतून काय काढायचे! मी ते नाकारत नाही. सनईपेक्षा लहान असलेली ती सुंद्री आपल्या गावाची शान आहे, आणि त्या घराण्याचं वादन ऐकलं की मान आपोआप झुकते. पण उदाहरण चुकीचं आहे. सुंद्रीची, सनईची पत्ती दुहेरी आणि मोकळी, ती सगळी ओठांच्या ताब्यात. ओठ आवळले की स्वर चढतो, सैल सोडले की उतरतो. क्लॅरोनेटची पत्ती एकेरी, आणि ती तोंडावर पट्टीने घट्ट बांधलेली. तिथे ओठाला सवड आहे, पण थोडी. कसलेला माणूस एखादा स्वर ओढून आणेल. तेरा वर्षांच्या पोराने अख्खं गाणं, प्रत्येक स्वर, निम्म्या अंतराने खाली ओढून वाजवायचं? आणि ते जमलं नाही तर वर्गाने हसायचं?

उस्तादांची उदाहरणं देऊन पोरांना मारण्याची आपल्याला फार खोड आहे. विद्यासागर रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकले, मग तुला घरी लाइट असून अभ्यास का होत नाही? असामान्य माणसं वाकड्या अंगणात नाचली, याचा अर्थ अंगण सरळ करू नये असा होत नाही. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून चुकीचं उतरवणाऱ्या पोरांना मी ढ म्हणालो आहे. पुढे कोणी तरी चष्मा लावल्यावर तीच पोरं पहिल्या पाचात आली. तिथे निदान चष्म्याचा नंबर काढणारा डॉक्टर असतो. वाद्याचा नंबर वाद्यावरच लिहिलेला असतो, आणि आम्ही भाव काढण्यापुरता तो वाचतो.

आणि माझी ती पेटी! मी तिला देव मानत होतो. क्लॅरोनेट आणि पेटी जुळत नाहीत म्हणजे क्लॅरोनेट चूक, हे मी ठरवलं कशावरून? पेटी माझी होती म्हणून. याच पेटीवर आकाशवाणीने १९४० साली बंदी घातली होती, आपल्या संगीताचे सूर तिच्यातून निघत नाहीत म्हणून, आणि ती बंदी तीसेक वर्षं टिकली. हे मला ठाऊक होतं, मी त्यावर भाषणसुद्धा ठोकलं होतं. पण मास्तरच्या हातात असलेलं वाद्य बेसूर कसं असेल?

तो मुलगा पुढे कुठे गेला, ते शोधायला मला वर्ष लागलं. मुलगा कसला, चाळिशीचा बाप्या. टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता. मी क्लॅरोनेट घेऊनच त्याच्या घरी गेलो. त्याने "या सर" म्हणून खुर्ची दिली, बायकोला चहा टाकायला सांगितला. भिंतीवर वडिलांचा बँडच्या पोशाखातला फोटो, हार घातलेला. मी ती दोन अक्षरं दाखवली, खडू घासून. सगळं समजावून सांगितलं. ४५२ आणि ४४०, लष्कर आणि लंडन. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, मी वर्गात शिकवायचो तेव्हा ऐकायचा तसंच.

मग म्हणाला, "सर, वडिलांनी तेव्हाच ओळखलं होतं. घरी नेलं होतं ना मी एक दिवस. हातात घेऊनच म्हणाले, हे मिलिट्रीचं आहे, आखूड आहे, पेटीला लागायचं नाही."

मी म्हणालो, "अरे, मग मला सांगायचं नाहीस का?"

"सांगितलं होतं की सर."

त्याच्या वडिलांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी अंदाजाने लांबी बघितली, एक फुंक मारली आणि ओळखलं. माझ्याकडे बी.ए.ची पदवी होती. म्हणून मी म्हणतो की ही अक्षरं पोरांसाठी वाचायला शिका. ज्याला कळतं त्याच्या शब्दाला आमच्या शाळेत वजन नव्हतं, आणि ज्याच्या शब्दाला वजन होतं तो भिंग काढत नव्हता. तेरा वर्षांच्या पोराचं म्हणणं मास्तर ऐकत नाही, पण लाकडावर कोरलेलं इंग्रजी त्याला ऐकावं लागतं. ते पुसलं गेलं की त्या पोराच्या बाजूने कोणी उरत नाही.

मी त्याला क्लॅरोनेट देऊ केलं. त्याने जोडलं, चाव्या दाबून बघितल्या, एक-दोन अडकत होत्या त्या तेलाच्या बोटाने मोकळ्या केल्या. वाजवलं मात्र नाही. "पुढचे दात गेले सर," म्हणाला, "आता तोंड लागत नाही." आणि फडक्यात नीट गुंडाळून मला परत दिलं.

तेव्हापासून ते माझ्याकडेच आहे. मधल्या काळात मी गावातली बारा-तेरा जुनी क्लॅरोनेट भिंगाखाली घातली असतील. त्यांतली दोन एच. पी. निघाली, आणि एकात घंटा नवी, धड जुनं होतं. तुमच्या घरात, माळ्यावर, शाळेच्या कपाटात असं एखादं पडलं असेल तर कृपा करून घासू नका. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, खडू घासा, टॉर्च तिरपा धरा. आकडे दोन्ही सांध्यांवर बघा. नाव सगळ्यात शेवटी वाचा. नाही कळलं तर घेऊन या, मी सकाळी दहापर्यंत घरीच असतो.

एक राहिलं. निर्लेखनाच्या वेळी ते रजिस्टर मी उघडलं होतं. १९८५ सालच्या नोंदीत 'क्लॅरोनेट, नग २' असं लिहून दोन्हींपुढे 'नादुरुस्त' असा शेरा होता. अक्षर माझंच. एच. पी.चा उलगडा झाल्यावर मी पुन्हा शाळेत गेलो आणि नव्या हेडमास्तरांना म्हणालो, यातल्या एकापुढचा शेरा मला खोडू द्या, ते वाद्य तेव्हाही दुरुस्त होतं. त्यांनी रजिस्टर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि नम्रपणे म्हणाले, "सर, निर्लेखित वस्तूची नोंद बदलता येत नाही."